नावाचे कागद

सिंधू : दोघांची नावं इतकी चिकटून काढू नको ना अक्का. मधी जरा जागा सोड.

पंचफुला : जागा कुठून आनू? पट्टी चार बोटांची. तुझं नाव दोन अक्षरांत संपतं. नरसिंग चार अक्षरं खातो.

सिंधू : मग त्याचं बारीक काढ.

पंचफुला : नवरदेवाचं नाव बारीक काढलं तर शिरड शहापूरवाले मांडवातूनच माघारी जातील. तू भेंडी काप. देठाच्या अंगानं काप, तिथं फूल बराबर उमटतं. या मगाच्या वाळून गेल्या, रंग धरून न्हाई राहिल्या.

सिंधू : भेंडीचा ठसा, सिगारेटच्या पाकिटातली चांदी. तुला हे सुचलं कसं गं?

पंचफुला : बाबांच्या शाळेत एकदा मोठे साहेब आले होते तपासनीला. त्यांच्या बायकोनं मला एक चाकलेट दिलं. मी सातवीत होते. अर्धं तू खाल्लंस, तुला आठवत नसंल. कागद मी ठेवला. उकलून पाहिला तर आतून चांदी, वरून नाव छापलेलं. मला वाटलं, कंपनीचं नाव येतं तर मानसाचं काहून येनार न्हाई?

सिंधू : आन आता अख्खं हट्टा गाव तुझ्याकडं येतं. लगीन असो, बारसं असो, शेंगदान्याच्या वडीला तुझाच कागद पायजे.

पंचफुला : येत होतं.

सिंधू : येतंच की.

पंचफुला : दिवाळीपासून कोन आलं, सांग बरं.

सिंधू : लोकांना कामं असतात अक्का. सुगी होती.

पंचफुला : असतात. ती खळ ढवळ, गाठी होतील.

सिंधू : दाखव, हात दाखव. कमी झाला का डाग?

पंचफुला : तेवढाच आहे. सहा महिने गोळ्या खाऊन राहिले. ते डाग तपासनारे साहेब म्हनले, दोन-तीन वर्षं लागतील, पन पुरा जाईल. हा लागनारा न्हाई, असं बी म्हनले. शाळेच्या पटांगनात सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हनले. पन त्याच्या आधी त्यांनी 'महारोग' म्हटलं ना. लोकांनी तेवढंच ऐकलं आन पांगले.

सिंधू : दुखत न्हाई ना?

पंचफुला : दुखलं असतं तर कवाच कळलं असतं. दुष्काळात खडी फोडायला जात होतो तवा मला वाटलं, उन्हानं कातडं पांढरं पडलं. चुलीवरचा तवा लागला तरी कळलं न्हाई. म्हटलं, काम करून हात निबर झाला. साहेबांनी डोळे मिटायला लावले आन पिसानं शिवलं. मी म्हटलं, शिवा ना. ते म्हनले, बाई, तीनदा शिवलं.

सिंधू : बस कर.

पंचफुला : तूच विचारलंस. फूल जरा वर उमटव, नावाला लागून राहिलं.

सिंधू : अक्का, बाहेर कोन बोलून राहिलं?

पंचफुला : माय आन कोनीतरी बाप्या. मघाशी जय भीम म्हनले ना, आवाजावरून तर अमृतराव मामा वाटले. नरसिंगचे चुलते. पाव्हन्यांची यादी घेऊन आले असतील.

सिंधू : ते एकटे काहून आले? लग्नाला तीनच दिवस राहिलेत.

पंचफुला : तुझं ध्यान कुठं आहे? सगळा रंग पट्टीवर सांडलास बघ.

सिंधू : अक्का, मी तुला एक सांगू? चिडू नको.

पंचफुला : सांग.

सिंधू : कपडे घ्यायला आमी वसमतला गेलो होतो ना, तवा नरसिंग मला म्हनला, थोरलीचं आधी न करता तुझं काहून करून राहिले? तसं त्यानं सहज विचारलं. दुकानात बाकीचे पातळं बघत होते. मी म्हटलं, लग्नाआधी खोटं काहून बोलायचं ह्याच्याशी?

पंचफुला : मग?

सिंधू : मग खरं सांगितलं.

पंचफुला : काय काय सांगितलंस?

सिंधू : सगळं. गोळ्यांचं बी. लागनारा न्हाई हे तर दोनदा सांगितलं, शपथ. तो म्हनला, त्यात काय, बरा होनारा रोग आहे. चांगला बोलला गं. मला वाटलं, आपला मानूस आहे.

पंचफुला : भेंडी खाली ठेव. माय आत येऊन राहिली.

जनकाबाई : सिंधे, तू जरा शेजारी जा. जात्याचा खुटा मागून आन.

सिंधू : खुटा कशाला पायजे आता?

जनकाबाई : जा म्हनते ना.

पंचफुला : राहू दे माय. तिला ठाऊक आहे. गेले का मामा?

जनकाबाई : गेले. च्या ठेवते म्हनलं, तर येळ न्हाई म्हनले. पानी दिलं तर पेला हातात घेतला, बोलत राहिले, आन तसाच बाजेखाली ठेवून गेले. भरलेला. या उन्हाचं शिरडाहून आलेला मानूस.

सिंधू : काय म्हनले?

जनकाबाई : लगीन मोडत न्हाई म्हनले. पोरगी आमाला पसंत हाये, सोयरीक पसंत हाये. लई गोड बोलले. जनकाबाई, आमच्या मनात काही न्हाई, पन पाव्हनेरावळे येनार, कोनाकोनाचं तोंड धरावं? म्हनून...

पंचफुला : म्हनून थोरलीला मांडवात येऊ देऊ नका.

जनकाबाई : तसं न्हाई म्हनले ते. म्हनले, चार दिवस तिला कुठं धाडता आलं तर बघा.

पंचफुला : आन हे?

जनकाबाई : कोनतं?

पंचफुला : हे कागद, माय. मी वर्षभर पानवाल्याकडून चांदी गोळा केली ते. त्याचं काय म्हनले?

जनकाबाई : ते चाकलेट का काय ते नको म्हनले. वसमतहून बुंदी आना. तिच्या हातचं पोटात जाया नको.

सिंधू : पोटात कागद जातो का? कागद काय कोनी खातं का?

जनकाबाई : मला काहून इचारती? मी केला का हा कायदा?

पंचफुला : मागच्या चौदा एप्रिलला वसमतला मामांचं भाषन मी ऐकलंय. आपल्या आजीला विहिरीवर हात लावू देत न्हवते, वरून ओंजळीत पानी वाढायचे, ते सांगता सांगता ते रडले होते. मी बी रडले होते.

जनकाबाई : ते येगळं.

पंचफुला : कसं वेगळं?

जनकाबाई : येगळं म्हंजे येगळं. मला शिकवू नको पंचफुले. माझं डोकं फिरलंय आधीच.

सिंधू : माय, मी न्हाई करत हे लगीन. सांग त्यांना. अक्का मांडवात नसंल तर मी बी नसंन. आन त्या नरसिंगला म्हनावं, तुझ्यापाशी विश्वासानं बोलले मी.

पंचफुला : सिंधू, गप.

सिंधू : काहून गप? माझ्यामुळं झालं हे. मी तोंड उघडलं नसतं तर...

जनकाबाई : तू सांगितलंस? मी इथं शेजारनीला शिव्या घालून राहिले मनातल्या मनात, आन तू सांगितलंस?

पंचफुला : खरंच सांगितलं ना तिनं? चोरी न्हाई केली. माय, तिला बोलू नको. सिंधू, इकडं बघ. तू लगीन मोडून घरी बसलीस तर काय होईल, तुला ठाऊक आहे का? मी रोज सकाळी उठनार आन तुझं तोंड पाहनार. गाव म्हननार, थोरलीनं धाकटीला खाल्लं. मला हा एक डाग पुरे आहे. दुसरा देऊ नको.

सिंधू : असं काय बोलतीस गं...

पंचफुला : मग कसं बोलू? तुला तो आवडलाय. वसमतहून आलीस तवापासून गानं गुनगुनून राहिलीस, मला ऐकू येत न्हाई का?

सिंधू : तवा आवडला होता.

पंचफुला : पुन्हा आवडंल. घरं अशीच चालतात.

जनकाबाई : मी व्हय म्हनून टाकलंय त्यांना.

सिंधू : कशाला?

जनकाबाई : सगळ्यालाच. काय करू? दारात मांडवाचे बांबू पडलेत. तुमचा बाप शाळेतून येनार, त्याला काय सांगू, पोरीचं मोडून ठेवलं? त्याचं तर तोंडच उघडत न्हाई सहा महिन्यांपासून.

पंचफुला : मी वारंगा फाट्याला जाते. पद्मा मावशीकडं. उद्याच्या गाडीनं.

जनकाबाई : मी तेच म्हननार होते.

पंचफुला : व्हय. मला वाटलंच.

जनकाबाई : तिला पोटी लेकरू न्हाई. पंक्चरच्या दुकानात तुझा काका दिवसभर, ती एकटी. तिलाबी बरं वाटंल. लगीन झालं की ये.

पंचफुला : येते.

जनकाबाई : आन ते कागद... चुलीत घाल बाई. कोनाच्या नजरेला पडायला नकोत.

पंचफुला : ते मी न्हाई करनार. मी गेल्यावर तुला काय करायचं ते कर. सिंधू, ती दौत इकडं सरकव. तीस-बत्तीस पट्ट्या राहिल्यात.

सिंधू : आता कशाला लिहितीस? कोनासाठी?

पंचफुला : अर्धं काम टाकून उठायची सवय न्हाई मला. तुझं नाव जरा मोठं काढते या उरलेल्यांवर. आता कोन बघनार आहे?

(दीड महिन्यानंतर. वारंगा फाटा. पद्माबाईच्या घराचा ओटा, दुपार.)

पंचफुला : एकटीच आलीस? सासरी काय सांगून आलीस?

सिंधू : हट्ट्याला चालले, माय आजारी हाय, म्हनून सांगितलं. परवा हट्ट्याला गेले, आज तिथूनच आले इकडं. चारची गाडी धरते म्हंजे दिवे लागायच्या आत शिरडला. तू वाळलीस गं.

पंचफुला : गोळ्यांनी भूक मरते. मावशी बळंच खाऊ घालते. चांगली आहे मावशी. माझ्याच ताटात हात घालून खाती, मुद्दाम, मला दाखवायला. काकाला ते आवडत न्हाई, पन तिच्यापुढं बोलत न्हाई तो. तू सांग. कसं झालं लगीन?

सिंधू : झालं.

पंचफुला : पातळ कोनतं नेसलीस? पांढरंच ना?

सिंधू : पांढरंच. अक्का, तुला ते कागदाचं सांगायचंय मला. त्याच्यासाठीच आले.

पंचफुला : जळले ना? जळू दे. सांगू नको.

सिंधू : जळले न्हाई. माय चुलीपाशी घेऊन बसली होती. दोनदा बसली. मग पेटीत टाकून दिले. लग्नाच्या आदल्या दिवशी बाबा शाळेतून लवकर आले, पेटी उघडली, मायला म्हनले, शेंगदान्याच्या वड्या थाप. बस, एवढंच. बुंदीचं नावच न्हाई. दार लावून घेतलं आन स्वतः एकेक वडी गुंडाळत बसले. आधी चांदी, मग तुझी पट्टी, मग खळ. त्यांना जमत न्हवतं गं. कडा वाकड्या येऊन राहिल्या होत्या. मी म्हटलं, मी करू का? म्हनले, नवरीनं हात खराब करू नये.

पंचफुला : बाबांनी?

सिंधू : सगळ्या. आन बुद्धवंदना झाल्यावर स्वतः परात घेऊन फिरले मांडवात. कोनाच्या हातात दिली न्हाई परात. लोक तर बघतच राहिले. शिरडाच्या बायांनी असं कवा पाहिलंच न्हवतं. कागद फाडू नका, कागद फाडू नका, करून राहिल्या. घडी करून कमरेला खोचले कागद. एक म्हातारी माझ्यापाशी आली, म्हनली, वाच बाई, काय लिवलंय? मी वाचून दाखवलं. म्हनली, आमच्या काळात नवरीचं नाव कुठं कोन लिवत होतं.

पंचफुला : खाल्ल्या?

सिंधू : खाल्ल्या. एक उरली न्हाई.

पंचफुला : मामांनी?

सिंधू : दोन. एक खाल्ली, एक नातीसाठी खिशात घातली. आन बाबांना विचारलं, शेषराव, हे कुठून करून आनलं?

पंचफुला : मग?

सिंधू : राहू दे ना ते.

पंचफुला : सांग ना. बाबा काय म्हनले?

सिंधू : म्हनले, नांदेडला एक मानूस आहे. तो करतो.

पंचफुला : असं.

सिंधू : मी समोरच होते अक्का. पाटावर. चार हातांवर. बाबांनी माझ्याकडं पाहिलं, मी बाबांकडं पाहिलं. मला बोलता आलं असतं. एवढंच म्हनायचं होतं, माझ्या अक्कानं केलेत. खाऊन झालं होतं सगळ्यांचं, काय ओकून काढनार होते का? पन मी खाली मान घातली. ते लोक समजले, लाजली.

पंचफुला : रडू नको. मावशी उठंल.

सिंधू : तू काहीतरी म्हन मला. शिवी दे.

पंचफुला : बाबांनी मग काय केलं?

सिंधू : परात ठेवली आन मांडवाच्या मागं जाऊन बसले. पंगतीत वाढायला बी आले न्हाईत. मायनं हाका मारल्या. त्यांच्या हाताला सगळी खळ वाळलेली तशीच होती.

पंचफुला : साध्या कोमट पान्यानं निघाली असती. कोनी आजारी पडलं का?

सिंधू : कोन?

पंचफुला : खानाऱ्यांपैकी.

सिंधू : न्हाई गं. कशानं पडतील?

पंचफुला : तेच. मी रोज विचार करत होते की जळले. आन ते लोकांनी कमरेला खोचले. चांगलं झालं का वाईट, मलाच कळून न्हाई राहिलं.

सिंधू : अजून आहे. माझ्या नणंदेला मुलगी झाली. बारशाला तसेच कागद पायजेत, लेकराच्या नावाचे. सासू म्हनली, नांदेडच्या त्या मानसाचा पत्ता आन तुझ्या बापाकडून. मी विचार केला, तू करून दे. मी नेते. कोनाला काय कळनार आहे? तुझा हात बी चालू राहील. मी दौत-टाक बी आनलाय तुझा, या पिशवीत आहे.

पंचफुला : लेकराचं नाव काय ठेवनार?

सिंधू : सुजाता.

पंचफुला : गोड आहे नाव. लिहायला बी चांगलं. पन मी न्हाई करनार.

सिंधू : काहून?

पंचफुला : माझ्या नावानं मागितले तर करीन. नांदेडच्या मानसाच्या नावानं न्हाई.

सिंधू : मग मी त्यांना काय सांगू?

पंचफुला : सांग, तो गाव सोडून गेला. आन नरसिंगचं काय? बोलतो का बराबर?

सिंधू : बोलतो. वाईट न्हाई तो. मारत न्हाई, दारू न्हाई. मी विचारलं त्याला, तू घरात काहून सांगितलंस? म्हनला, फक्त आईला सांगितलं. त्याला वाटलं, आई आपली आहे.

पंचफुला : तुला वाटलं, तो आपला आहे. त्याला वाटलं, आई आपली आहे. जाऊ दे.

सिंधू : मागच्या आठवड्यात मी त्याला खरं सांगून टाकलं. ते कागद नांदेडचे न्हवते, अक्काच्या हातचे होते. तू तीन वड्या खाल्ल्यास.

पंचफुला : काय गरज होती? मग?

सिंधू : जेवला, झोपला. दुसऱ्या दिवशी वसमतला गेला. संध्याकाळी आला तर खुशीत होता. जिलेबी आनली होती. मी सदरा धुवायला घेतला तर खिशात दवाखान्याची चिठ्ठी. अंग तपासून आला होता गं. माझ्याशी हसून बोलत होता, आन अंग तपासून आला होता.

पंचफुला : निघालं न्हाई ना काही?

सिंधू : काय निघनार?

पंचफुला : मग बरं झालं. आता तुझ्या हातचं बिनघोर खाईल. चिडू नको त्याच्यावर. भीती सगळ्यांनाच असते. मी बी पहिल्या महिन्यात तुझ्याजवळ झोपत न्हवते, आठवतं? आत उकडतं म्हनून अंगनात झोपायचे. थंडी होती तवा.

सिंधू : मला वाटायचं, तुला मोकळं झोपायला आवडतं.

पंचफुला : अंगनात थंडीत कोनाला आवडतं? ऊठ, तोंड धू. साडेतीन झाले असतील, फाट्यावर उभं राहावं लागंल. गाडी भरून येते हिंगोलीहून.

सिंधू : अक्का, हट्ट्याला कधी येतीस?

पंचफुला : मायनं म्हटलं होतं, लगीन झालं की ये. काही निरोप दिला का तिनं?

सिंधू : दिला.

पंचफुला : काय म्हनली?

सिंधू : म्हनली, आत्ताच घाई नको. मावशीला बी आधार आहे. पावसाळा होऊ दे. तुझ्यासाठी हे पाठवलंय. मी उघडून पाहिलं न्हाई, पन जड आहे.

पंचफुला : बघू. ताट. वाटी. पेला बी आहे. इस्टीलचं गं! आपल्या घरात अजून इस्टील कुठं आहे? सगळं पितळ न्हाईतर जर्मनचं. हे नवं घेतलंय.

सिंधू : आतल्या अंगाला काही लिहिलंय.

पंचफुला : नाव टाकून आनलंय. पंचफुला. ताटावर, वाटीवर, पेल्यावर. तिन्हींवर.

सिंधू : दुसऱ्यांच्या भांड्यांत मिसळू नये म्हनून टाकलं असंल. मावशीकडं... तसं न्हवतं म्हनायचं मला अक्का. तिच्या मनात तसं नसंल.

पंचफुला : व्हय.

सिंधू : अशी बघत बसू नको त्याच्याकडं.

पंचफुला : ठोकनाऱ्याचा हात चांगला आहे गं. 'फु'चा उकार बघ, किती गोल काढलाय.